काळोखी सिंथ-पॉप: जोडी, अल्बम आणि रिमिक्स

सिंथेसायझरचे स्वर, यंत्राचा ठेका आणि त्यावर माणसाचा गळा, एवढ्याच सामग्रीवर उभ्या राहिलेल्या पाश्चात्त्य गाण्याला सिंथ-पॉप म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते मुख्यतः इंग्लंड आणि जर्मनीत आकाराला आले. त्याची एक शाखा काळोखी म्हणून ओळखली जाते. तिचा ठेका नाचाचा असतो, पण सूर उदास असतो आणि शब्द एकटेपणाचे, भीतीचे, शहरातल्या रात्रीचे असतात. या शाखेतले बरेचसे महत्त्वाचे काम दोघादोघांच्या जोड्यांनी केले आहे. अशा जोडीचा नवा अल्बम आला की थोड्याच दिवसांत त्यातल्या गाण्यांची रिमिक्स येतात, कधी सुटी, कधी अख्ख्या अल्बमच्या रूपात. कंपन्या ती पुरवणी म्हणून विकतात. प्रत्यक्षात या संगीताची घडणच अशी आहे की रिमिक्स न ऐकणाऱ्याला ते निम्मेच कळते.

सुरुवात वाद्यापासून करावी लागते. सिंथेसायझरमध्ये छेडायला तार नसते आणि थाप मारायला कातडे नसते. विजेचा दाब सेकंदाला ठरावीक वेळा वरखाली करणारे मंडल, म्हणजे ऑसिलेटर, हा त्यातला स्वराचा उगम. सेकंदाला ४४० आंदोलने झाली की पाश्चात्त्य पद्धतीतला ‘ए’ हा स्वर मिळतो. ती दुप्पट केली की त्याच स्वराचे वरचे सप्तक. ऑसिलेटरमधून निघालेला कच्चा स्वर कर्कश असतो, कारण मूळ स्वराबरोबर वरचे असंख्य उपस्वर त्यात गर्दी करून असतात. पुढचा भाग फिल्टरचा. फिल्टर हवे तेवढे उपस्वर छाटतो. जितके जास्त छाटावेत तितका आवाज गोल, दबका आणि ध्वनितंत्रज्ञांच्या बोलीत ‘डार्क’ होत जातो. शेवटी स्वर किती झटकन उमटावा, किती वेळ टिकावा आणि कसा विरावा हे ठरवणारी योजना असते. त्यामुळे एकाच ऑसिलेटरमधून ढोलासारखा ठोका निघू शकतो आणि बासरीसारखा लांबलेला श्वासही. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली असे वाद्य सिद्ध केले तेव्हा ते कपाटाएवढे होते आणि तारांच्या जाळ्याने जोडावे लागे. १९७० साली आलेला मिनीमूग मात्र बगलेत मारून नेता येत होता.

तोही सामान्य मुलाला परवडणारा नव्हता. किमती खाली आणल्या जपानच्या रोलँड, कॉर्ग आणि यामाहा या कंपन्यांनी. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या कॉलेजच्या पोराला हप्त्यावर किंवा जुन्या बाजारात सिंथेसायझर मिळू लागला. त्याच्या जोडीला आला सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांची एक ओळ लक्षात ठेवून ती न थकता पुन्हापुन्हा वाजवणारे यंत्र. १९८० साली रोलँडचे टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आले आणि ढोलकऱ्याची जागाही भरली. १९८३ साली मिडी ही सामाईक पद्धत रूढ झाल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली.

जोडीचे कारण इथेच आहे. रॉक बँडला सहसा चार माणसे लागतात: ढोल, बास, गिटार, गायक. त्यांची भांडणे सोडवा, त्यांना एका गाडीत बसवा, तालमीला जागा शोधा. सिंथेसायझर आणि सिक्वेन्सर आल्यावर यांतली तीन कामे एका माणसाने घरच्या खोलीत बसून करता येऊ लागली. उरले गाणे, आणि त्यासाठी दुसरा माणूस. या वाटणीचा रंगमंचावरही परिणाम झाला. एक जण यंत्रांमागे जवळजवळ निश्चल उभा असतो. दुसरा पुढे येऊन सगळ्या भावना अंगावर घेतो. न्यूयॉर्कमध्ये ॲलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह यांच्या ‘सुइसाइड’ या जोडीने हा साचा पहिल्यांदा धिटाईने वापरला. त्यांचा पहिला अल्बम १९७७ साली आला. त्यातला यंत्राचा एकसुरी ठोका आणि व्हेगाचे कुजबुजणे-किंचाळणे पुढच्या सगळ्या काळोख्या जोड्यांच्या पाठीशी आहे, विक्री फारशी झाली नसली तरी.

लोकप्रियता मिळवली ‘सॉफ्ट सेल’ने. मार्क आल्मंड आणि डेव्ह बॉल यांची गाठ लीड्स पॉलिटेक्निकमध्ये पडली. त्यांचे ‘टेंटेड लव्ह’ १९८१ साली इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि अमेरिकेच्या हॉट हंड्रेड यादीत ४३ आठवडे टिकले. तेव्हा तो विक्रम होता. गाणे त्यांचे नव्हते. एड कॉब यांनी लिहिलेले आणि ग्लोरिया जोन्स या अमेरिकी गायिकेने १९६०च्या दशकात म्हटलेले ते एक विसरले गेलेले गाणे होते. मूळ रूपात त्यात तुतारीसारखी वाद्ये आणि धावता ढोल आहे. सॉफ्ट सेलने सगळे काढून टाकले, एक टोचणारी सिंथेसायझरची ओळ आणि कोरडा ठोका ठेवला, आणि तक्रारीचे गाणे व्यसनाचे गाणे झाले. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात नील टेनंट आणि क्रिस लो एकमेकांना भेटले आणि पुढे ‘पेट शॉप बॉईज’ झाले. व्हिन्स क्लार्क आणि ॲलिसन मोये यांचे ‘याझू’, ॲनी लेनॉक्स आणि डेव्ह स्टुअर्ट यांचे ‘युरिथमिक्स’ याही त्याच काळातल्या जोड्या. पुढच्या पिढीत स्वीडनमधील कारिन आणि ओलोफ ड्रायर या बहीणभावंडांच्या ‘द नाइफ’ने २००६ साली ‘सायलेंट शाउट’ हा अल्बम काढला. काळोखी सिंथ-पॉपचा एकविसाव्या शतकातला मापदंड म्हणून त्याचे नाव घ्यावे असा तो आहे. अमेरिकेत जे मॅथ्यूज आणि ऑगस्टस मुलर यांच्या ‘बॉय हार्शर’ने २०१९च्या ‘केअरफुल’मध्ये तीच परंपरा आणखी तळघरात नेली.

या गाण्यांतला काळोख केवळ शब्दांचा नाही. त्याचा पहिला उगम स्वरक्रमात आहे. पाश्चात्त्य संगीतातला नैसर्गिक मायनर स्वरक्रम म्हणजे आपल्याकडच्या आसावरी थाटाचे सात स्वर: गंधार, धैवत आणि निषाद कोमल. ऋषभही कोमल केला की भैरवी थाटाचे स्वर होतात, आणि या शाखेतल्या अधिक भेदक गाण्यांत तोही स्वरक्रम भेटतो. स्वर तेच म्हणून भाव तोच असे मात्र समजू नये. आपल्याकडे रागाचा भाव चलनावर, मींडेवर, न्यासावर ठरतो. तिकडे तो खाली कोणता स्वरसमूह वाजतो आहे यावर ठरतो. दुसरा उगम फिल्टरमध्ये आहे. वरचे उपस्वर छाटलेला बास भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित बेसूर ठेवले की स्वरात हेलकावा येतो आणि ऐकणाऱ्याला नेमके कारण न कळता अस्वस्थ वाटते. तिसरी गोष्ट गळ्याची. काळोख्या सिंथ-पॉपमधला गायक क्वचितच रडतो. तो सपाट आवाजात, जणू दुसऱ्याचीच हकिगत सांगावी तसा गातो, आणि त्याभोवती प्रतिध्वनीची मोठी पोकळी ठेवलेली असते.

काळही तसा होता. १९८२ साली ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली. शेफील्ड, लीड्स, लिव्हरपूल ही कारखान्यांची आणि गोद्यांची गावे ओस पडत होती आणि याच गावांतून यांतले काही बँड निघाले. अण्वस्त्रांची धास्ती होती. लिव्हरपूलजवळच्या ‘ओएमडी’चे १९८० सालचे ‘एनोला गे’ हे हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या नावाचे गाणे नाचाच्या ठेक्यावर आहे. दुःखावर नाचणे हा या संगीताचा पायाच म्हटला पाहिजे. म्हणून प्रत्येक गाण्यात दोन शक्ती एकमेकींना ओढत असतात: शब्द आणि गळा ऐकणाऱ्याला जागेवर बसवू पाहतात, ठेका त्याला उठवू पाहतो. कुणाला किती मोकळीक द्यायची हे मूळ अल्बममध्ये जोडी ठरवते. रिमिक्समध्ये ते दुसराच कुणी ठरवतो.

रिमिक्सचा जन्म सिंथ-पॉपच्या आधीचा, आणि तोही वेगळ्याच देशातला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जमैकाची राजधानी किंग्स्टन इथे रस्त्यावर मोठाले स्पीकर लावून नाच होत. तबकडीच्या मागच्या बाजूवर त्याच गाण्याचे गळा काढून टाकलेले रूप छापण्याची पद्धत तिथे पडली. ऑस्बोर्न रडक, म्हणजेच किंग टबी, हा मुळात वीजयंत्रे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. त्याने मिक्सिंगच्या फळीवर गळा मध्येच गायब करणे, ढोलाला प्रतिध्वनी देणे, बास एकटा सोडणे असे प्रयोग केले आणि ‘डब’ हा प्रकार घडवला. वाद्य न वाजवताही संगीत रचता येते हे तिथे सिद्ध झाले.

न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये अडचण वेगळी होती. गाणे तीन मिनिटांत संपे आणि रंगात आलेले लोक थांबत. टॉम मोल्टन यांनी गाण्यातले ठेक्याचे भाग लांबवून त्यांची लांब रूपे तयार करायला सुरुवात केली. एकदा ध्वनिमुद्रिका कापणाऱ्या तंत्रज्ञाकडे सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोल्टनचे गाणे मोठ्या तबकडीवर कापले गेले. जागा जास्त असल्याने खाचा रुंद झाल्या, आणि आवाज, विशेषतः बास, कितीतरी दणकट उमटला. १९७६ साली डबल एक्स्पोजर या गटाचे ‘टेन पर्सेंट’ वॉल्टर गिबन्सने केलेल्या लांब रूपात बारा इंची तबकडीवर बाजारात आले. सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळालेली ती पहिली अशी तबकडी मानली जाते.

हे शक्य झाले ते अनेकपदरी फितीमुळे. स्टुडिओत २४ पदरांच्या फितीवर ढोल एका पदरावर, बास दुसऱ्यावर, गळा तिसऱ्यावर असे सगळे सुटे ध्वनिमुद्रित होई. रिमिक्स करणाऱ्याला मिळते ते शिजवून एकत्र केलेले जेवण नव्हे, वाट्यांत वेगवेगळे काढून ठेवलेले जिन्नस. सिंथ-पॉपच्या बाबतीत तर ही सुटेपणाची सोय मुळातच होती. चार माणसांनी एकत्र वाजवलेल्या गाण्यात ढोलाचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनमध्येही थोडा शिरतोच. यंत्रांचे स्वर थेट तारेतून फितीवर जात, एकात दुसरा मिसळत नसे. लयही यंत्राने बांधलेली, त्यामुळे पहिल्या मिनिटातला तुकडा पाचव्या मिनिटाला बिनचूक बसतो. एवढे तयार साहित्य समोर असताना रिमिक्स न करणेच नवल.

१९८२ हे त्या दृष्टीने निर्णायक वर्ष. ‘टेंटेड लव्ह’चे बारा इंची रूप आधीच गाजले होते, त्यात ते गाणे संपता संपता सुप्रीम्स या गटाच्या एका जुन्या गाण्यात विरघळते आणि सगळे मिळून सुमारे नऊ मिनिटे चालते. १९८२मध्ये सॉफ्ट सेलने ‘नॉन-स्टॉप एक्स्टॅटिक डान्सिंग’ हा छोटा रिमिक्स अल्बम काढला. त्याच वर्षी निर्माते मार्टिन रशेंट यांनी ‘ह्यूमन लीग’च्या ‘डेअर’ या गाजलेल्या अल्बमची फीत ब्लेडने कापून, चिकटवून ‘लव्ह अँड डान्सिंग’ तयार केला. तो जवळजवळ बिनगळ्याचा आहे. संगणक नव्हते, एक अक्षर तोतरे वाजवायचे तरी फितीचे तुकडे मोजून जोडावे लागत. ह्यूमन लीग जोडी नव्हती, पण एका अल्बमला दुसऱ्या माणसाने समांतर अल्बमचे रूप द्यावे ही कल्पना इथे पक्की झाली. पेट शॉप बॉईजनी १९८६ साली पहिला अल्बम ‘प्लीज’ काढला आणि त्याच वर्षी ‘डिस्को’ हा रिमिक्स अल्बम. तिथून पुढे ही रीतच झाली.

रिमिक्स करणारा प्रत्यक्षात काय करतो? आधी लय ठरवतो. फितीच्या काळात लय वाढवली की पट्टीही चढे. वेग सुमारे सहा टक्के वाढला की स्वर अर्ध्या पायरीने वर. आता संगणकात लय आणि पट्टी वेगळ्या हाताळता येतात. मग तो सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या ठेक्याचा लांब भाग ठेवतो, कारण डीजेला आधीचे गाणे त्यात मिसळायचे असते. रेडिओसाठी केलेल्या गाण्यात हा भाग निरर्थक वाटतो, नाचघरात त्यावाचून चालत नाही. मग येतो खरा निर्णय: गळ्याचे काय करायचे? काही जण तो पूर्ण ठेवून खालचे सगळे बदलतात. काही जण त्यातली एकच ओळ उचलून पुन्हापुन्हा फिरवतात, आणि तेव्हा मूळ गाण्यातली कथा नाहीशी होऊन फक्त तिची वेदना उरते. काळोख्या गाण्यांना ही दुसरी रीत अधिक मानवते. ठेका मागे सारून नुसती पोकळी ठेवणारी रिमिक्सही असतात. नाचता न येणाऱ्या या रिमिक्समध्ये पुष्कळदा जोडीचा मूळ हेतू सर्वांत स्पष्ट ऐकू येतो.

व्यवहार उघडा आहे. रिमिक्स करणाऱ्याला बहुधा एकरकमी मोबदला मिळतो. वेगवेगळ्या नाचघरांत वेगवेगळा ठेका चालतो, म्हणून एकाच गाण्याची चार रूपे चौघांकडून करून घेतली की ते चार ठिकाणी पोहोचते. निम्मी रिमिक्स या हिशेबापलीकडे जात नाहीत हेही खरे. उरलेल्यांत एका कलावंताने दुसऱ्याचे केलेले वाचन असते. सॉफ्ट सेलने दीर्घ खंडानंतर २०२२ साली ‘हॅपिनेस नॉट इन्क्लुडेड’ हा अल्बम काढला आणि त्यातले ‘पर्पल झोन’ पेट शॉप बॉईजसोबत नव्या रूपात प्रसिद्ध केले. त्याच्या चाळीस वर्षे आधी एकाच सुमारास निघालेल्या दोन जोड्या. अल्बममधले रूप थकलेल्या रात्रीचे आहे. पेट शॉप बॉईजचा हात लागल्यावर तेच गाणे उजळ नाचघरात येऊन उभे राहते, शब्द मात्र तेवढेच हताश.

महाराष्ट्रात सिंथेसायझर आला तो मुंबईच्या सिनेमातून. तिथे त्याचे काम वाद्यवृंदात एक नवा आवाज घालण्यापुरते होते. त्याचा पूर्ण स्वतंत्र वापर केला चरणजितसिंग यांनी. ते हिंदी चित्रपटसंगीतातले जुने वादक. १९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने त्यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग, आणि साधने रोलँडची तीन यंत्रे: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. शेवटचे यंत्र बासगिटारची उणीव भरून काढण्यासाठी १९८१ साली बाजारात आले, पण त्याचा आवाज बासगिटारसारखा मुळीच नव्हता आणि तीनेक वर्षांत कंपनीने ते बंद केले. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्यांनी तिच्याकडे गंमत म्हणून पाहिले. चरणजितसिंगांना तिच्यात मींड दिसली. ध्वनिमुद्रिका खपली नाही. १९८७ साली शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने याच टीबी-३०३वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ केले आणि ॲसिड हाउस नावाचा प्रकार सुरू झाला. २०१० साली चरणजितसिंगांची ध्वनिमुद्रिका परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे रसिक चक्रावले, कारण मुंबईचे काम पाच वर्षे आधीचे होते. शिकागोने मुंबईवरून उचलले असे मात्र नाही. तसा कोणताही धागा दिसत नाही. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी सारखी वाट निघाली एवढेच. तोडी आणि ललत या दोन रचना ऐकल्या तर आपल्या मातीतली काळोखी सिंथ-रचना कशी असू शकते याचा अंदाज येतो. चरणजितसिंग २०१५ साली मुंबईत वारले.

खऱ्या अर्थाने जोडी म्हणावी असे उदाहरण म्हणजे मोनिका डोग्रा आणि रँडॉल्फ कोरेया यांची मुंबईतली ‘शायर अँड फंक’. २००७ साली त्यांचा पहिला अल्बम आला. ते इंग्रजीत गातात आणि गिटारला सोडत नाहीत, त्यामुळे त्यांना निखळ सिंथ-पॉप म्हणता येणार नाही. मराठीतली सर्वांत नामवंत संगीतकार जोडी अजय-अतुल यांची. पण त्यांची वाट नेमकी उलटी आहे. दोघांत भागवण्याऐवजी ते शेकडो वाद्ये गोळा करतात. २०१६च्या ‘सैराट’साठी त्यांनी अमेरिकेत सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. गंमत अशी की त्याच चित्रपटातले ‘झिंगाट’ गावोगावच्या डीजेंनी सर्वाधिक मोडून-जोडून वाजवले.

भारतात रिमिक्स या नावाखाली प्रत्यक्षात वेगळेच काही खपत आले, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. गाण्याची चाल-शब्द यांचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे दोन वेगळे असतात. मूळ फीत कंपनीच्या कपाटात. ती कुणाला मिळत नसे. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात, ठरावीक मुदत उलटल्यावर नोटीस आणि मानधन देऊन तेच गाणे नव्याने गाऊन-वाजवून ध्वनिमुद्रित करण्याची वाट होती. कॅसेटच्या काळात तिच्यावर मोठे धंदे उभे राहिले. १९७२च्या ‘समाधी’ चित्रपटातले, राहुलदेव बर्मन यांनी बांधलेले आणि लता मंगेशकरांनी गायलेले ‘काँटा लगा’ २००२ साली रिमिक्स म्हणून देशभर वाजले, पण त्यात लताबाईंचा आवाज नव्हता. गाणे दुसऱ्या गळ्यातून पुन्हा गाऊन घेतले होते. म्हणजे ती नवी आवृत्ती होती. मूळ पदर सुटे करून नवा अर्थ काढण्याचा प्रश्नच आला नाही. २०१२च्या दुरुस्तीने ही तरतूद कलम ३१सीमध्ये गेली, मुदत पाच वर्षांची झाली आणि मूळ रचनेत मनमानी बदल करण्यावर बंधने आली.

कपाटातली फीत मोकळी केली ती तंत्राने. २०१९ साली फ्रान्सच्या डीझर कंपनीने ‘स्प्लीटर’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तयार गाणे दिले की ती गळा, ढोल, बास वेगळे करून देते. त्याआधी गावच्या डीजेला मूळ गाण्यातला खालचा आवाज बटणाने कापून त्यावर स्वतःचा ठोका चढवण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. आता साध्या लॅपटॉपवर कुणाचाही गळा सुटा करता येतो. परवानगीशिवाय तो कायद्याने वापरता येत नाही, हा भाग निराळा.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी असलेल्या सिरोंचासारख्या ठिकाणी या बदलाचे रूप स्पष्ट दिसते. पलीकडच्या काठावर तेलंगण, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. बोलणे तेलुगू, मराठी आणि गोंडी-माडियात. जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरहून दूर, तर तेलंगणातले कालेश्वरम नदीच्या पल्याड. त्यामुळे लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत तेलुगू लोकगीत तीनमार ठेक्यावर, मागोमाग मराठी कोळीगीत, मग गोंडी गाणे, आणि तिन्हींच्या खाली तोच एक किक ड्रम, अशी सरमिसळ सहज होते. ही रिमिक्स तबकडीवर कधी निघाली नाहीत. मोबाइलच्या मेमरी कार्डातून आणि यूट्यूबवरून ती फिरतात, आणि चोरी होऊ नये म्हणून डीजे गाण्यात मध्येच आपले नाव बोलून ठेवतो.

ही रिमिक्स आणि लंडनची रिमिक्स यांत तंत्राचा फरक आता थोडाच उरला आहे. फरक आहे तो निवडीचा. काळोखी जोडीचा रिमिक्सकार गळा तोडतो, विरघळवतो, प्रसंगी काढूनच टाकतो. मिरवणुकीतला डीजे गळ्याला हात लावत नाही, कारण लोक शब्दांवर नाचतात. गोंडी रेला गाण्यांत तर एका गटाने म्हणायचे, दुसऱ्याने उचलायचे अशी रीत असते. हात गुंफून नाचणाऱ्यांच्या पायांबरोबर तिची लय थोडी पुढेमागे होते. तिच्याखाली यंत्राचा ठोका घातला की ते पुढेमागे होणे बंद पडते. पाय गाण्याला चालवत नाहीत, ठोका पायांना चालवतो. ही हानीच आहे, आणि नव्या श्रोत्यांपर्यंत गाणे पोहोचले म्हणून ती लहान ठरत नाही. उलट, गळा आणि टाळ्या जशाच्या तशा ठेवून भोवती केवळ पोकळी आणि खर्जातला एक लांब स्वर उभा करणे याच यंत्रांना सहज शक्य आहे. काळोख्या जोड्यांकडून उचलण्यासारखी खरी युक्ती तीच आहे.

ऐकण्याबाबत एक व्यावहारिक सूचना. मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. टीआर-८०८चा खालचा ठोका सेकंदाला ५० आंदोलनांच्या आसपास असतो आणि एवढा खालचा स्वर त्या इवल्या पडद्यातून उमटूच शकत नाही. म्हणजे निम्मे गाणे गाळूनच ऐकले जाते. साधे कानातले हेडफोन घ्यावेत. आधी सॉफ्ट सेलचा ‘नॉन-स्टॉप इरॉटिक कॅबरे’ हा १९८१चा अल्बम सलग ऐकावा, मग ‘नॉन-स्टॉप एक्स्टॅटिक डान्सिंग’, आणि प्रत्येक गाण्यात गळा किती उरला आहे तेवढेच तपासावे. त्यानंतर चरणजितसिंगांची तोडी लावावी.